डमीलाही हात लागतात: जीबीएसनंतर ब्रिजच्या टेबलावर

हे प्रकरण माझ्या ब्रिजमधल्या भिडूचं आहे. नाव लिहीत नाही. मी त्यांना अकरा वर्षं ताई म्हणत आले, इथेही तेच म्हणते. वय 61, निवृत्त गणित शिक्षिका, राहायला सिंहगड रोडला. लिहायला त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: "माझी आरती ओवाळू नकोस. तुझ्या चुका आधी लिही." पुरावा म्हणून माझ्याकडे तीन गोष्टी आहेत: ताईंची निळी वही, क्लबच्या गुणपत्रिका आणि माझी आठवण. पहिल्या दोन भरवशाच्या आहेत.

ब्रिज ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. मेंढीकोट येत असेल तर अर्धं ब्रिज येतं: चौघं, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी 13 पानं, रंगाला रंग, हुकूम, हात करायचे. उरलेलं अर्धं म्हणजे आधी लावायची बोली. आपण दोघं मिळून किती हात करू, ते समोरच्याची पानं न बघता ठरवायचं. बोली जिंकणाऱ्यांपैकी एक खेळतो आणि त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो, तो डमी. स्पर्धेतलं ब्रिज 'डुप्लिकेट' असतं. एकदा वाटलेली पानं खाचांच्या चपट्या पेटीत, म्हणजे बोर्डात, जशीच्या तशी ठेवतात आणि तो बोर्ड टेबलाटेबलावर फिरतो. मला आली तीच पानं दुसऱ्या टेबलांवर माझ्या जागी बसलेल्यांना येतात आणि गुण त्यांच्याशी ताडून मिळतात. "आज पानंच पडली नाहीत" ही घरच्या डावातली तक्रार इथे चालत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला हा खेळ निर्दयही वाटेल आणि प्रामाणिकही. ताईंना तो हवा होता तो नेमका याच कारणासाठी, हे मला फार उशिरा कळलं.

आजार

2025 च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम, हे नाव पुण्यातल्या रिक्षावाल्यांनाही पाठ झालं होतं. सिंहगड रोड, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात रुग्ण सापडत गेले आणि आकडा 200 च्या पुढे गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. पाण्याच्या टाक्या, विहीर, टँकर यांच्यावर सगळं शहर बोलत होतं.

ताईंना महिन्याच्या शेवटी जुलाब झाले, तीन दिवसांत थांबले, सगळे विसरलेही. पुढच्या आठवड्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. भाऊजींना वाटलं बी-12 कमी झालं असेल. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे दुमडले. तिसऱ्या दिवशी कुकरचं झाकण लागेना. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही, आणि तिथूनच त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

या आजारात जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात, कारण जंतूच्या अंगावरचे काही रेणू आणि मज्जातंतूंवरचे रेणू दिसायला सारखे असतात. पायांपासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. मेंदू शाबूत असतो, आणि म्हणूनच माणूस सगळं लख्ख बघत असतो. 1916 मध्ये तिघा फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं: गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल. स्ट्रोलचं नाव पुढे गळालं. ताई त्याला त्या तिघांतला डमी म्हणतात.

रुग्णालयात दिवसातून चार-पाचदा त्यांना एका दमात आकडे मोजायला लावायचे. श्वासाचे स्नायू किती तग धरून आहेत याचा तो सोपा अंदाज. ते ढिले पडले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. पहिल्या रात्री ताई 22 पर्यंत गेल्या. दुसऱ्या रात्री 11 वर दम संपला. "एका रंगाची पानंसुद्धा पुरी होईनात गं," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तोवर इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं होतं. रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली ही प्रतिपिंडं शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला 0.4 ग्रॅम, पाच दिवस. ताईंचं वजन 60, म्हणजे रोज 24 ग्रॅम. व्हेंटिलेटर थोडक्यात टळला. 25 दिवसांनी त्या घरी आल्या, वॉकर धरून, दोन्ही हातांची बोटं अर्धवट वळलेली.

घरी

मी भेटायला गेले ती पत्त्यांचा नवा जोड घेऊन. ही माझी पहिली चूक. ताईंनी पाच पानं उचलली, पंख्यासारखी पसरायला गेल्या आणि पाचही मांडीवर सांडली. त्या काही बोलल्या नाहीत. भाऊजींनी पानं गोळा करून टीपॉयखाली ठेवली, जशी एखाद्याची कवळी ठेवावी तशी.

मग ठरलं, पानांना हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी सहाला फोनवर एक डाव. मी त्यांची 13 पानं वाचून दाखवायची, त्या बोली सांगायच्या, मग डमीची 13 वाचायची आणि डाव तोंडी खेळायचा. आजाराआधी ताई रविवारी खेळलेला बोर्ड गुरुवारी 52 पानांसकट सांगायच्या. आता पाचव्या-सहाव्या हाताला विचारायच्या, "चौकटीचा गुलाम गेला का?" एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी फोन मध्येच ठेवला. पाच मिनिटांनी परत केला. "मेंदूला लागत नाही म्हणाले होते ना सगळे?"

इथे निळी वही आली. शिक्षिकेचा स्वभाव: घाबरून झालं की माणूस तक्ता आखतो. तारीख, वेळ, किती डाव, किती चुका, झोप, गोळ्या. संध्याकाळच्या जोडीला सकाळी अकराचाही एक डाव सुरू केला. बारा दिवसांत चित्र दिसलं. सकाळच्या डावांत एखाददुसरी चूक, संध्याकाळच्या प्रत्येक डावात तीन-चार. ताईंना पायांच्या आगीसाठी प्रीगाबालिन सुरू होतं आणि त्याची एक मात्रा दुपारी तीनला होती. या औषधानं गुंगी येते, लक्ष टिकत नाही, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण डाव मोजला नसता तर त्या संध्याकाळी 'जरा सुस्तच वाटतं' एवढंच म्हणाल्या असत्या. वही बघून डॉक्टरांनी दुपारची मात्रा कमी केली आणि मुख्य मात्रा रात्रीवर नेली. डॉक्टरांनी केलं, आम्ही नाही. हे ठळक लिहिते, कारण आपल्याकडे गोळ्या परस्पर बंद करण्याची हौस फार. मेच्या सुरुवातीला संध्याकाळच्या चुका सकाळएवढ्या झाल्या.

पत्त्यांनी ताईंना बरं केलं, असं कोणी माझ्या तोंडी घालू नये. औषधानं, वेळेनं आणि फिजिओथेरपिस्टबाईंच्या चिकाटीनं बरं केलं. पत्त्यांनी काय बिघडलंय ते दाखवलं.

फिजिओथेरपिस्टबाईंनी पत्ते व्यायामातही घेतले. कपड्यांचे चिमटे, कणकेचे गोळे, आणि जोडीला 52 पानं चार ढिगांत वाटायची. मेमध्ये 11 मिनिटं लागली, ऑगस्टमध्ये चार. बोटांना जोर नव्हता, शिवाय स्पर्शही बोथट होता. एक पान उचललं की दोन, ते डोळ्यांनीच बघावं लागे. बाईंचा एक नियम मात्र लोखंडी होता: दमायच्या आधी थांबायचं. या आजारात थकलेल्या स्नायूंना रेटलं तर ताकद वाढायच्या ऐवजी दोन दिवस मागे जायला होतं. शिवाय दमणूक ही वेगळीच वस्तू आहे. हातपाय सुधारले तरी ती अनेकांत महिनोन्‌महिने, कधी वर्षांनी, मागे राहते आणि बाहेरून कोणाला दिसत नाही.

जूनपासून ब्रिज बेस ऑनलाइनवर टॅबलेट घेऊन चार बोर्ड, मग वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग पुन्हा चार. जुलैत एका रविवारी ताईंनी मला न सांगता 24 बोर्डांची स्पर्धा सलग खेळली. सातव्या आल्या. सोमवार-मंगळवार अंथरुणात. भाऊजी घाबरले, आजार उलटला की काय. नवा अशक्तपणा, गिळायला त्रास किंवा श्वास अपुरा पडणं, यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन असले तरी रुग्णालय गाठायचं, असं त्यांना बजावलेलं होतं. तसलं काही नव्हतं. बुधवारी ताई उठल्या आणि वहीत लिहिलं: "24 = 2 दिवस. 16 = ?"

फळी

13 पानं हातात धरणं हे ब्रिजमधलं सर्वांत कठीण शारीरिक काम आहे, हे निरोगी माणसाला सुचतही नाही. बाजारात पत्ते उभे करायचे प्लास्टिकचे धारक मिळतात, पण ताईंच्या ओळखीच्या सुतारानं सागवानाची फळी करून दिली. पहिली सरळ खाचेची होती. पानं एकमेकांमागे दडायची आणि कोपरे दिसेनात. दुसरीला खाच किंचित वक्र घेतली, कमानीसारखी. त्यात पानं आपोआप पंख्यासारखी उघडतात. बाजूला बसलेल्याला दिसू नयेत म्हणून कडेला दोन बोटं उंच पट्टी.

बोलीचा प्रश्न वेगळा. क्लबमध्ये बोली तोंडानं लावत नाहीत; पेटीतून छापील बोलीपत्र काढून समोर ठेवतात, कारण आवाजाच्या चढउतारातून भिडूला नको ते कळतं. ही पत्रं पातळ आणि दाटीनं बसवलेली असतात. यावर इलाज माझ्याकडे निघाला, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली एवढीच शहाणपणाची गोष्ट असेल. मी 31 वर्षं बँकेत होते, त्यातली नऊ रोखपाल. नोटा मोजताना बोटावर चढवतात ती रबराची खरखरीत टोपी ताईंच्या अंगठ्याला लावली. पत्र पहिल्या झटक्यात निघालं.

सप्टेंबरमध्ये क्लबात जायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी डायरेक्टरना भेटलो. ब्रिजमध्ये डायरेक्टर म्हणजे पंच. तीन गोष्टी ठरल्या आणि तिन्ही उघडपणे जाहीर झाल्या. आमची जोडी कायम उत्तर-दक्षिण बसेल, म्हणजे टेबल बदलत फिरावं लागणार नाही. फिरतात ते पूर्व-पश्चिमवाले. गुण मी नोंदवीन. आणि प्रत्येक नवी जोडी टेबलाला आली की मी सांगीन, "यांना पान काढायला वेळ लागतो, विचाराला नाही." हे शेवटचं वाक्य दिसतं त्याहून गंभीर आहे. खेळाडू थबकला तर तो अडचणीत आहे हे भिडूला कळतं, आणि अशा थबकण्यावरून भिडूनं काही ठरवायला नियमानं बंदी आहे. ताई थबकल्या ते पान निसटलं म्हणून की राणी की गुलाम या पेचात पडल्या म्हणून, हे प्रतिस्पर्ध्यांनाही आधीच माहीत असायला हवं. पहिले दोन सोमवार निम्म्या बोर्डांनंतर क्लबातल्या एक काकू बदली बसल्या. तिसऱ्या सोमवारी ताई पुरे 24 बोर्ड बसल्या, मध्ये वीस मिनिटं गाडीची सीट मागे करून पडल्या.

एका मुद्द्यावर सूट मागायची नाही, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं: पान पडलं तर. बचाव करणाऱ्या खेळाडूकडून पान चुकून उघडं पडलं तर ते दंडाचं पान होतं. एकच पान आणि दहाच्या खालचं असेल तर दंड सौम्य: ते पान टेबलावर उघडं राहतं आणि त्या रंगातलं दुसरं छोटं पान आधी टाकता येत नाही. मोठं पान पडलं तर पहिल्या संधीला तेच टाकावं लागतं. पहिल्याच महिन्यात ताईंची चार पानं पडली आणि एकदा एक्का पडला. एका सद्गृहस्थांनी "राहू द्या हो, घ्या परत" म्हटलं. ताईंनी स्वतः डायरेक्टरला हाक मारली.

माझा गुन्हा

ऑक्टोबरमधला दुसरा सोमवार. आमची बाजू व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीसही मोठं आणि दंडही. ताई उत्तरेला:

इस्पिक: राजा, राणी, चौका
बदाम: राजा, छक्का, तिर्री
चौकट: राजा, राणी, गुलाम, पंजा, दुर्री
किलवर: राजा, सत्ता

17 गुणांची पानं (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1). त्यांनी वन नोट्रंप म्हटलं, म्हणजे हुकमाविना सात हात. माझ्याकडे दक्षिणेला:

इस्पिक: गुलाम, सत्ता
बदाम: एक्का, राणी, गुलाम, नव्वा, अठ्ठा, चौका
चौकट: अठ्ठा, चौका
किलवर: अठ्ठा, पंजा, तिर्री

जिल्हा पातळीवरचा कोणताही खेळाडू इथे ट्रान्सफर करतो. बदाम लांब असला की आपण मुद्दाम एक रंग खालची बोली, टू डायमंड, लावतो; त्यावर भिडू टू हार्ट म्हणतो आणि हुकूम ठरतो बदाम, पण तो रंग आधी भिडूनं म्हटल्यामुळे खेळतो भिडू. फायदा हा की भिडूची वजनदार पानं झाकलेली राहतात आणि पहिली उतारी फिरून त्याच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी येते. आमच्या करारपत्रिकेवर ट्रान्सफर लिहिलेलं आहे.

मी टू डायमंड म्हटलं नाही. मी थेट फोर हार्ट म्हटलं, म्हणजे बदाम हुकूम आणि दहा हात. त्यामुळे खेळणारी मी आणि ताई डमी. शेवटचा तास होता, ताईंचा चेहरा उतरला होता. म्हटलं, हा डाव त्यांना बसून काढू दे.

पश्चिमेनं किलवरचा गुलाम उतरवला. ताईंनी पानं मांडली आणि किलवरचा राजा-सत्ता सगळ्यांसमोर उघडा पडला. एक्का-राणी पूर्वेकडे, म्हणजे राजाच्या मागे. राजा घातला तर एक्का खाणार, सत्ता घातला तर गुलाम हात करणार आणि पुढच्या खेपेला राजा जाणार. किलवरचे दोन हात गेले, इस्पिकचा एक्का गेला, चौकटीचा एक्का गेला. एकानं बुडालो, वजा 100. बहुतेक टेबलांवर उत्तरेनं फोर हार्ट खेळून 620 मिळवले होते. तिथे उतारी पूर्वेची. पूर्वेनं किलवर काढलं तर राजा हात करतो, नाही काढलं तर इस्पिक-चौकटीवर दक्षिणेची किलवरं उडवता येतात. तीनच हात जातात. त्या बोर्डावर आम्हाला जवळजवळ शून्य.

पूर्व-पश्चिमेला बसलेले कॉलेजातले पोरगे होते. त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "काकू, तुम्ही ट्रान्सफर खेळत नाही का?" मी काहीतरी पुटपुटले. ताई काहीच बोलल्या नाहीत.

घरी जाताना रिक्षात त्यांनी निळी वही उघडली. "गेल्या तीन सोमवारी आपल्या बाजूनं बोली जिंकली असे 38 बोर्ड. त्यातले मी किती खेळले असेन?"

"पंधरा-सोळा?"

"नऊ. अर्ध्याच्या आसपास असायला हवेत. एवढा फरक योगायोगानं पडत नाही." मग जरा थांबून, "कधीपासून चाललंय?"

मी सांगितलं, तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. "डमीला काय काम नसतं? तेरा पानं फळीतून काढून टेबलावर रांगेत मांडायची कोणी? तू मागशील ते पान उचलून पुढे करायचं कोणी? मी खेळते तेव्हा माझी तेराच पानं मला हलवावी लागतात, डमीची तू हलवतेस. मी डमी असते तेव्हाही तेरा मलाच हलवावी लागतात. माझ्या हातांना विश्रांती कुठे मिळाली? मिळाली असेल तर डोक्याला, आणि ते तर दमलेलं नव्हतं."

पुढे आणखी वाईट निघालं. खेळणाऱ्याच्या हातून पान पडलं तर त्याला दंड नाही; दंड आहे तो बचाव करणाऱ्याला. म्हणजे ज्या बाजूला ताईंची पानं पडली तरी दंड नव्हता, नेमकं तिथूनच मी त्यांना उठवत होते. नियमांचं पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं. शिवाय डमीची पानं खेळणाऱ्यानं स्वतः उचलायला नियमात गरजेपुरती मुभाही आहे. ते मला सुचलं नाही, कारण मी ताईंच्या हातांचा विचारच करत नव्हते. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता, एवढंच.

आणि तिसरी गोष्ट, जी मला अजून टोचते. करार मोडून एखादी बोली एकदा लावली तर ती खेळाडूची मर्जी. पुन:पुन्हा लावली आणि भिडूच्या ते लक्षात आलं की तो आपसांतला नवा करार होतो, आणि प्रतिस्पर्ध्यांना न सांगितलेला करार म्हणजे नियमभंग. ताईंना दुसऱ्या सोमवारीच कळलं होतं. म्हणजे त्या पोरग्यांशी आम्ही रडीचा डाव खेळलो, आणि तोही हरलो. पुढच्या सोमवारी मी डायरेक्टरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुन्हा?" म्हटलं, नाही.

नवा करार

ताईंनी तो वहीच्या मागच्या पानावर लिहिला, आम्ही दोघींनी सही केली. शरीराची अडचण असेल तर सूट मागायची, मोठ्यानं आणि सगळ्यांसमोर. बोलीत आणि खेळात सूट नाही. दमलं की ताईंनी सांगायचं. मी चेहरा वाचायचा नाही. सांगितलं की बदली खेळाडू बसेल, गुण गेले तर गेले. डमीची पानं मी हलवणार. एकदा रागाच्या भरात त्यांनी जोडलं: "माझ्या चुकीला चूक म्हणायचं. ऑक्टोबरपासून तू एकदाही म्हटलेलं नाहीस." ते खरं होतं. मेमध्ये फोनवर मी त्यांना सोळा वेळा टोकलं असेल, क्लबात एकदाही नाही.

औषधांबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. ब्रिजला डोपिंगचे नियम लागतात हे पुष्कळांना विनोदी वाटतं, पण नॉर्वेच्या गेइर हेल्गेमोवर, तेव्हाच्या जगातल्या अव्वल खेळाडूवर, 2018 मधल्या ऑर्लॅन्डोच्या जागतिक स्पर्धेतल्या चाचणीवरून वर्षाची बंदी आली होती. क्लबात चाचणी कोणी घेत नाही. तरी राज्याबाहेर खेळायची वेळ आली तर गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायची, असं ताईंनी कलम घातलं. भाऊजी म्हणाले, आधी राज्याबाहेर जा तरी.

नोव्हेंबरमध्ये एका जोडीनं तक्रार केली की आमच्या टेबलामुळे सगळ्यांना उशीर होतो. "बरं नसेल तर माणसानं घरी बसावं," असं एक जण पुटपुटलाही. एका बोर्डाला साधारण साडेसात मिनिटं धरतात. डायरेक्टरनी पुढच्या सोमवारी घड्याळ लावलं. ताईंच्या हातांपायी बोर्डामागे पाऊण मिनिट जास्त जात होतं. डाव संपल्यावर मी आणि ताई त्याची चिरफाड करत बसायचो, त्यात दोन मिनिटं. तक्रार रास्त होती, कारण चुकीचं होतं. आम्हाला दंड झाला, पाव बोर्डाचे गुण कापले गेले. ताई रिक्षात गुणगुणत होत्या. गाणं काय ते कळलं नाही, पण इस्पितळातून आल्यापासून मी पहिल्यांदा ऐकलं.

जानेवारी 2026 मधली स्थिती अशी. सोमवारी 24 बोर्ड, मध्ये वीस मिनिटं विश्रांती, मंगळवारी काही नाही. वहीत '16 = ?' पुढे उत्तर लिहिलंय: शून्य दिवस. 24 पुढे दोन खोडून एक. गेल्या दहा सोमवारी आम्ही एकदा दुसऱ्या आलो आणि दोनदा शेवटून दुसऱ्या. 2024 मध्येही साधारण असंच होतं, त्यामुळे तक्रार नाही. पायांची आग रात्री अजून असते. डाव्या पायाचा घोटा सैल आहे, जिना कठड्याला धरून. फळी अजून लागते, पण अर्धीच. सहा हात होईपर्यंत पानं फळीत असतात. मग ताई उरलेली सात काढतात, डाव्या हातात पंखा करतात आणि फळी उलटी करून माझ्या बाजूला सरकवतात. त्यांना पुढे जागा हवी असते. परवा त्या सातांतली दोन पडली. ताईच खेळत होत्या, त्यामुळे दंड नव्हता. उचलताना मला म्हणाल्या, "बघितलीस ना? आता विसर." मी बघितली होती. थ्री नोट्रंप होतं, नऊ हात हवे होते, आठच झाले, आणि चूक त्यांची होती. तसं सांगितलं.